वॅकी पॅकेजेस : आधी पाठ बघा, मग कोटी वाचा

चिकटवही

अमेरिकेतून जुने कागद, कार्डं, वेष्टनं मागवणाऱ्या मराठी संग्राहकांत वॅकी पॅकेजेसबद्दल विचारणा वाढली आहे. माहिती मात्र तुकड्यातुकड्यांत मिळते. म्हणून हा धागा. ओळख, खरं-खोटं, जपणूक आणि विनोद कसा वाचायचा, सगळं इथेच येऊ द्या.

थोडक्यात इतिहास. टॉप्स ही त्या काळी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये असलेली च्युइंगगम आणि बेसबॉल कार्डांची कंपनी. तिने १९६७ साली किराणा दुकानातल्या ओळखीच्या मालाची विडंबनं काढली, तीच वॅकी पॅकेजेस. क्रेस्ट टूथपेस्टची झाली ‘क्रस्ट’, जेल-ओची ‘जेल-ओ’च, पण तुरुंगवाला जेल, एजॅक्स या साफसफाईच्या पावडरची ‘एजर्क्स’. पहिली फेरी ४४ क्रमांकांच्या पुठ्ठ्याच्या कार्डांची होती. आकृतीभोवती कापाची रेघ पाडलेली असायची आणि मागे पाणी लावून चिकटवायचा डिंक. १९६९ मध्ये ‘वॅकी ॲड्स’ नावाची ३६ आडवी कार्डं आली, रस्त्याकडेच्या जाहिरात-फलकांसारखी. खरी लाट उसळली १९७३ साली, सोलून चिकटवायचे स्टिकर निघाल्यावर. तिथून १९७६ पर्यंत सोळा मालिका निघाल्या. त्या लाटेत काही काळ या स्टिकरांनी खपात टॉप्सच्या स्वतःच्या बेसबॉल कार्डांनाही मागे टाकलं होतं.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी १९७३ च्या पहिल्या मालिकेपासून करावी. ३० स्टिकर आहेत, त्यामुळे आवाका हातात राहतो आणि पाठीचे, म्हणजे मागच्या बाजूचे, प्रकार शिकायला तिच्यासारखं दुसरं साधन नाही. सोळावी मालिका शेवटाकडे घ्यावी. तोवर लाट ओसरली होती आणि माल कमी निघाला, म्हणून ती मिळायला कठीण.

आता पाठीबद्दल. नवखा माणूस चित्र बघून हरखतो आणि किंमत ठरते ती मागच्या बाजूवर. सुरुवातीच्या मालिकांत एकच स्टिकर पांढऱ्या पाठीचा आणि तपकिरी पाठीचा असा दोन्ही मिळतो. पुढे तपकिरीच रूढ झाली. काही सुरुवातीच्या स्टिकरांच्या पाठीवर ‘लडलो’ हे कागद पुरवणाऱ्या कंपनीचं नाव लाल किंवा काळ्या अक्षरांत छापलेलं असतं. ते दुर्मीळ. कागदाऐवजी कापडी पृष्ठावर छापलेले प्रयोगादाखलचे स्टिकरही आहेत, ते त्याहून दुर्मीळ. म्हणून विक्रेत्याने फक्त पुढचा फोटो टाकला असेल तर पाठीचा फोटो मागितल्याशिवाय पैसे पाठवू नका. ‘पांढरी पाठ’ असं नुसतं लिहिलेलं असलं तरी फोटो मागाच. पिवळ्या दिव्याखाली पांढरी पाठ तपकिरी दिसते आणि निळसर दिव्याखाली तपकिरी पाठ पांढरी. शेजारी कोरा छपाईचा कागद ठेवून फोटो काढायला सांगितलं की शंका राहत नाही.

एडिसनकर

चांगला धागा. १९६७ च्या कार्डांविषयी भर घालतो.

त्या कार्डांत सगळ्यात मोठा फरक ‘न उचकटलेलं’ आणि ‘उचकटलेलं’ हा. कापाच्या रेघेवर दाबून आकृती बाहेर काढली की पुठ्ठ्याची चौकट निराळी होते आणि संग्रहाच्या दृष्टीने किंमत जवळजवळ संपते. खरेदी करताना कार्ड उजेडासमोर तिरकं धरलेला फोटो मागवा. कापाच्या रेघेतून उजेडाची सलग कड दिसली तर आकृती आधी निघालेली आहे आणि मागून परत बसवून चिकटवली आहे. न उचकटलेल्या कार्डात रेघ मधेमधे तुटक असते, कारण आकृती पुठ्ठ्याला धरून राहावी म्हणून छोटे सांधे न कापता सोडलेले असतात.

काही मूळ कंपन्यांनी हरकत घेतल्यावर टॉप्सला ती चित्रं मधेच काढावी लागली आणि त्यांच्या जागी दुसरी आली. रिट्झ क्रॅकर्सवरचं ‘रॅट्झ क्रॅकर्स’ आणि प्राण्यांच्या आकाराच्या बिस्किटांवरचं ‘क्रॅक्ड ॲनिमल्स’ ही दोन अशीच मोलाची. ‘पूर्ण सेट’ म्हणून जाहिरात आली तर आधी या दोघांची चौकशी करा. विक्रेता क्रमांक मोजून पूर्ण म्हणतो, आपण चित्रं मोजायची.

शब्दखेळ

ओळख-बिळख ठीक, पण विनोदाकडे कोणी वळेल का? नुसतं नाव वाचून हसू येत नाही अशी तक्रार मराठी वाचक करतात, आणि ती रास्त आहे. मूळ वस्तू डोळ्यासमोर नसेल तर विडंबन अर्धंच पोचतं.

‘वीकीज’ घ्या. मूळ व्हीटीज, गव्हाच्या पोह्यांचा नाश्ता. तिच्या डब्यावर खेळाडूंची चित्रं असतात आणि घोषवाक्य ‘चॅम्पियनांचा नाश्ता’. विडंबनात व्हीटचं वीक म्हणजे दुबळं झालं आणि चॅम्पियनांचे ‘चम्प’ म्हणजे बावळट झाले. एका शब्दाने नाव मारलं, दुसऱ्याने घोषवाक्य. ‘मिनिट लाइस’मध्ये झटपट भाताच्या उवा झाल्या. इंग्रजीत राइस आणि लाइस यांत एकाच अक्षराचं अंतर. ‘प्लास्टर्ड पीनट्स’चं मर्म कळायला तीन गोष्टी लागतात: मूळ कंपनी प्लँटर्स, तिचा टोपीवाला ऐटबाज शेंगदाणा, आणि ‘प्लास्टर्ड’ म्हणजे दारूने तर्र. ऐटबाजाला झिंगवला की काम झालं.

आपल्याला लगेच भिडतात ते ओळखीचे छाप. एव्हरेडीची ‘नेव्हरेडी’ समजावून सांगावी लागत नाही. टाइडची ‘टाइड’च, पण बांधलेली या अर्थाची, ही कानाला सारखी आणि डोळ्याला वेगळी कोटी. मराठीत हिला श्लेष म्हणायचा मोह होतो, पण स्पेलिंग बदललं आहे, तेव्हा हा शुद्ध श्लेष नव्हे.

म्हणून माझी सूचना अशी: अल्बमच्या प्रत्येक खणाशेजारी मूळ वस्तूचं नाव, ती काय होती आणि त्या काळचं तिचं घोषवाक्य, अशा तीन ओळींची चिठ्ठी ठेवा. शक्य असेल तर मूळ वेष्टनाचं छोटं चित्रही. संग्रह दुसऱ्याच्या हाती गेला तरी विनोद सोबत जाईल.

चिकटवही

शब्दखेळ, चिठ्ठीची सूचना उत्तम. एक पथ्य मात्र पाळा: चिठ्ठी स्टिकरच्याच खणात घालू नका. साध्या कागदातलं आम्ल आणि बॉलपेनची शाई पन्नास वर्षांच्या कागदाला लागून राहणं बरं नाही. शेजारचा खण वापरा, आम्लमुक्त कागद घ्या, पेन्सिलीने लिहा.

भिंगवाला

खरं-खोटं ओळखण्याबद्दल.

सगळ्यात सोपी गल्लत १९७३ च्या मूळ छपाईची आणि १९७९ च्या पुनर्मुद्रणाची. १९७९-८० मध्ये टॉप्सने जुनीच चित्रं चार मालिकांत परत छापली, प्रत्येकी ६६, एकूण २६४. त्या स्टिकरांवर पुढच्या बाजूला क्रमांक आहे. १९७३ ते ७६ च्या स्टिकरांवर तो नाही. क्रमांक दिसला की १९७३ चा भाव देऊ नका, विक्रेता काहीही म्हणो. हे पुनर्मुद्रण कंपनीचंच आहे, ते खोटं नव्हे, फक्त वेगळं आणि बरंच स्वस्त. पुढे १९८५, १९९१ आणि २००४ पासूनच्या नव्या मालिका आल्या. त्यांची चित्रं बहुतांशी वेगळी, त्यामुळे तिथे गोंधळ कमी.

घरगुती छपाईची नक्कल ओळखायला ३० पट भिंग पुरतं. मूळ छपाई ऑफसेटची. चार रंगांचे ठिपके ठरलेल्या कोनांत बसून छोट्या फुलासारखी नक्षी करतात. इंकजेटची नक्कल असेल तर ठिपके वाळू सांडल्यासारखे विखुरलेले दिसतात. लेझर प्रिंटरची असेल तर रंग पृष्ठावर बसलेला, किंचित उंच आणि चमकदार.

पुठ्ठा

भिंगवाला, एक सोपी कसोटी सगळीकडे सांगतात: अक्षरं ठिपक्यांची बनलेली दिसली तर नक्कल, सलग काळी दिसली तर मूळ. बेसबॉल कार्डांना ती चालते. इथेही तीच वापरावी का?

भिंगवाला

नाही, आणि इथेच लोक फसतात. बेसबॉल कार्डावर खेळाडूचं नाव काळ्या शाईच्या वेगळ्या छपाई-प्लेटने छापतात, म्हणून ते सलग येतं. वॅकी पॅकेजेसवरची बरीच अक्षरं चित्रकाराने रंगात हाताने काढलेली आहेत, ती चित्राचाच भाग. छपाईसाठी चित्राचा फोटो घेऊन त्यावर ठिपक्यांची जाळी पडली तेव्हा अक्षरांवरही जाळी पडली. त्यामुळे मूळ स्टिकरवर ‘क्रस्ट’ ही अक्षरं ठिपक्यांची दिसणं अगदी योग्य. ती कसोटी लावून अस्सल माल नाकारू नका.

त्याऐवजी दोन जागा बघा. एक, टॉप्सची छपाईची बारीक ओळ, जी चित्रानंतर अक्षरजुळणीने बसवलेली असते. ती मूळ प्रतीत कडक हवी. स्कॅन करून छापलेल्या नकलेत तिच्या कडा मऊ होतात, आतली पोकळी भरते. दोन, कापाची रेघ. कारखान्यातला साचा वरचा थर कापतो, पाठ अखंड ठेवतो, आणि त्याचा दाब पूर्ण आकृतीभर सारखा असतो. हाताने सुरी चालवली असेल तर कोपऱ्यावर रेघ थोडी पुढे गेलेली दिसते, कुठे पाठही कापलेली असते. स्टिकर उलटा करून तिरक्या उजेडात धरा. साच्याचा सौम्य उठाव मागून जाणवतो.

अतिनील दिव्याचा उपाय अर्धाच खरा आहे. कागद उजळ दिसावा म्हणून घालायची रसायनं १९७३ च्या कितीतरी आधीपासून वापरात होती, तेव्हा नुसतं ‘चमकतो म्हणजे खोटा’ असं म्हणता येत नाही. त्याच मालिकेचा आणि त्याच पाठीचा खात्रीचा एक स्टिकर शेजारी ठेवून तुलना करा. दोघांची चमक सारखी हवी.

मापही घ्या. स्टिकर अडीच बाय साडेतीन इंच, म्हणजे ६३.५ बाय ८८.९ मिलिमीटर. कडा नीटनेटक्या दिसाव्यात म्हणून कोणी पातळ पट्टी छाटली असेल तर कॅलिपरवर अर्धा मिलिमीटर कमी भरतो आणि ती एकच कड इतर तिन्हींपेक्षा जास्त गुळगुळीत दिसते.

कोकणवारा

आमच्याकडच्या हवेचा प्रश्न कोणी काढला नाही. मुंबई, कोकण, गोवा इथे जून ते सप्टेंबर कागदाची परीक्षा असते.

१९६७ च्या कार्डांचा डिंक पाण्याने जागा होणारा आहे. पोस्टाच्या कोऱ्या तिकिटांचा पावसाळ्यात गठ्ठा होतो, अगदी तसंच. एकावर एक ठेवलेली कार्डं आषाढात चिकटली की श्रावणात सुटत नाहीत. प्रत्येक कार्ड वेगळ्या स्लीव्हमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पिशवीत, आणि मध्ये पॉलिएस्टरची पातळ फिल्म. ग्लासिन, म्हणजे गुळगुळीत अर्धपारदर्शक कागद, नको, तो स्वतःच ओल धरून डिंकाला चिकटतो. दोन कार्डं चिकटलीच तर वाफ देऊ नका, पुठ्ठ्याचे थर सुटतात. तिकिटवाल्यांची पद्धत वापरा: हवाबंद पिशवीत घालून रात्रभर डीप-फ्रीझरमध्ये, मग थंडगार असतानाच पातळ सुरीने कोपऱ्यापासून हलकेच प्रयत्न. नाही सुटलं तर परत पिशवीत. प्रयत्न थांबवल्यावर मात्र पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर आतल्या थंड कागदावर दव धरतं.

१९७३ च्या स्टिकरांची गोष्ट निराळी. त्यांचा गोंद दाबाने चिकटणारा. त्याला ओलीपेक्षा उष्णता जास्त जाचते. मे महिन्यात पत्र्याच्या कपाटात, पश्चिमेच्या भिंतीला लागून ठेवले तर गोंद कापाच्या रेघेतून पाझरतो आणि पुढे पिवळट होतो. गच्चीखालची खोली टाळा. कपाट आतल्या भिंतीला, जमिनीपासून वर.

आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राखावी. दहा लिटरच्या घट्ट झाकणाच्या डब्याला ५० ग्रॅम सिलिका जेल आणि आत छोटा आर्द्रतामापक. नारिंगी जेल हिरवी पडली की ताटलीत पसरून ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास, थंड झाली की परत डब्यात. जेल जास्त घालून हवा फार कोरडी करू नका. ३५ टक्क्यांखाली वरचा थर आणि पाठ वेगवेगळ्या मापाने आक्रसतात, स्टिकर वाकतो आणि कापाच्या रेघेशी उचलला जातो. तो उचललेला कोपरा बोटाने दाबून बसवायची घाई नको. डब्यातली हवा पूर्ववत झाली की बहुतेक वेळा आपोआप बसतो.

कसर आणि झुरळांसाठी डांबराच्या गोळ्या ठेवतात. अल्बमच्या डब्यात मुळीच नको. त्यांची वाफ काही प्लास्टिकना मऊ करते.

पुठ्ठा

अल्बमची पानं कोणती घ्यावीत? स्टेशनरीच्या दुकानात नऊ खणांची पानं मिळतात, पण त्यांवर प्लास्टिकचा प्रकार लिहिलेला नसतो.

चिकटवही

पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टर हवं, पीव्हीसी नको. पीव्हीसीला मऊ ठेवणारी तेलं काही वर्षांत बाहेर येतात, पान चिकट होतं आणि छपाईचा रंग पानावर उतरतो. वासानेच बरंच कळतं. नव्या रेनकोटसारखा उग्र वास आला तर ते पान घेऊ नका.

खात्री करायची तर तांब्याच्या तारेची कसोटी आहे. तार पक्कडीत धरून गॅसच्या ज्योतीत लाल करा, ज्योतीला रंग येईनासा झाला की तीच गरम तार पानाच्या कोपऱ्याच्या तुकड्याला टेकवा आणि परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसी. तुकडा नखाएवढाच घ्या आणि हे बाल्कनीत करा, धूर अपायकारक असतो.

मोलाचे स्टिकर आधी मऊ स्लीव्हमध्ये आणि मग टॉपलोडरमध्ये, म्हणजे वरून उघड्या कडक प्लास्टिकच्या खोळीत. स्टिकर कधीही नुसता टॉपलोडरमध्ये सरकवू नका, कापलेली आकृती कडेला अडकून सुटते.

एडिसनकर

च्युइंगगमच्या डागाबद्दल. पाकिटात गमची पट्टी असायची आणि वेष्टन मेणकागदाचं. मेण पुढच्या गुळगुळीत बाजूवर लागलं असेल तर नायलॉनचा स्वच्छ मोजा बोटाभोवती गुंडाळून, जोर न देता, एकाच दिशेने पुसा. कापाच्या रेघेपाशी आतून बाहेर पुसायचं, आडवं नाही, नाहीतर कड उचलते. पाठीवरचा गमचा तपकिरी डाग मात्र निघत नाही. कागदाने तो प्यायलेला असतो. खरवडलं की लव निघते, आणि डागापेक्षा लव वाईट. डागासह ठेवा, विकताना तसं लिहा.

आणि चेकलिस्टची, म्हणजे मालिकेतल्या स्टिकरांची यादी छापलेली, कार्डं टाकून देऊ नका. नऊ कार्डांच्या उलट बाजू जोडल्या की एकाच विडंबनाचं मोठं चित्र तयार होतं. त्या काळच्या मुलांनी त्यांवर पेनने खुणा केल्या, म्हणून बिनखुणेचे नऊ तुकडे एकत्र मिळवणं स्टिकरांपेक्षा अवघड जातं.

कोकणवारा

वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेला स्टिकर काढता येतो का? अमेरिकेतून आलेल्या जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यांत असे दिसतात.

भिंगवाला

आधी विचार करा की काढायचाच का. चिकटवलेल्या स्टिकरला सुट्याचा भाव कधीच येत नाही. वही त्याच काळातली असेल तर वहीसकट ठेवणं जास्त मोलाचं.

काढायचाच असेल तर हेप्टेन. हा द्रव गोंद सैल करतो आणि कागदावर डाग न ठेवता उडून जातो. आधी चित्राच्या एका न दिसणाऱ्या टोकावर कापसाच्या बोळ्याने तपासा, कापसाला रंग लागला तर तिथेच थांबा. मग ड्रॉपरने कडेला तीन-चार थेंब, अर्धा मिनिट वाट, आणि दात साफ करायचा मेण नसलेला दोरा स्टिकरखाली सरकवत पुढे जायचं. ओढायचं नाही. द्रव उडाला की गोंद परत जागा होतो, म्हणून दर सेंटीमीटरला दोन थेंब. निघाला की लगेच सिलिकॉन लावलेल्या कागदावर बसवा. हेप्टेन पटकन पेट घेतं. खिडक्या उघड्या, देवघरातला दिवा आणि गॅस बंद, हातमोजे घातलेले, एवढी तयारी आधी. स्पिरिट किंवा नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, ते शाईच विरघळवतात.

शब्दखेळ

चित्रकारांची नावं या धाग्यात यायलाच हवीत. नॉर्मन सॉन्डर्स हे या मालिकेचे मुख्य रंगकार. जन्म १९०७. स्वस्त कथामासिकांची मुखपृष्ठं रंगवण्यात त्यांची उमेद गेली होती, आणि टॉप्ससाठी १९६२ सालची ‘मार्स अटॅक्स’ कार्डंही त्यांनी रंगवली. धूळ, गंज, पत्र्याचा पोचा, ओलसर पुठ्ठा हे सगळं ते इतक्या निष्ठेने रंगवत की विडंबनाचा डबा खराखुरा वाटे. कल्पना आणि कच्च्या आराखड्यांमागे आर्ट स्पीगलमन, जे लिंच, बिल ग्रिफिथ अशी भूमिगत, म्हणजे मुख्य प्रवाहाबाहेरच्या, कॉमिक्समधली तरुण मंडळी होती. याच स्पीगलमनना पुढे १९९२ मध्ये पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला.

टॉप्सने स्वतःलाही सोडलं नाही. बझूका हे १९४७ पासूनचं त्या काळी त्यांचंच बबलगम, त्याचं त्यांनी ‘गॅडझूका’ केलं. माझ्या मते संपूर्ण संग्रहात हा एक स्टिकर असलाच पाहिजे.

आणि मराठीत ही कोटी कशी बसेल याचा विचार करणाऱ्यांसाठी. वॅकी पॅकेजेसची खरी कसोटी अशी: बदल एका अक्षराचा, कानाला जवळजवळ तेच, आणि अर्थ जाहिरातीतल्या दाव्याच्या बरोबर उलटा. दंतमंजनाचं ‘दंतभंजन’ या कसोटीला तंतोतंत उतरतं, क्रेस्टच्या ‘क्रस्ट’ला ते मराठीतलं उत्तर आहे. केशतेलाचं ‘क्लेशतेल’ही तितकंच पक्कं. पापडाचं ‘थापड’ कानाला छान लागतं पण दावा उलटत नाही, म्हणून मी ते खालच्या पायरीवर ठेवीन.

पुठ्ठा

दंतभंजन फारच आवडलं. कंपन्यांनी खटले भरले नाहीत का?

एडिसनकर

हरकती आल्या आणि चित्रं काढली गेली हे वर आलंच आहे. न्यायालयापर्यंत गाजलेलं प्रकरण मात्र या मालिकेच्या धाकट्या भावाचं. १९८५ मध्ये टॉप्सने ‘गार्बेज पेल किड्स’ काढले, कॅबेज पॅच किड्स या बाहुल्यांचं विडंबन. बाहुल्यांच्या कंपनीने जॉर्जियाच्या संघीय न्यायालयात दावा लावला, आणि १९८६ मध्ये न्यायालयाने टॉप्सविरुद्ध तात्पुरता मनाई हुकूम दिला. विडंबनाचा बचाव तिथे टिकला नाही. पुढे तडजोड झाली आणि मुलांचं रूप व नावाची पाटी बदलावी लागली. त्यामुळे त्या संग्रहात तडजोडीआधीची आणि नंतरची चित्रं असे दोन गट पडतात. त्यावर वेगळा धागा काढू या, इथे मिसळलं तर पाठीचे प्रकार शोधणाऱ्याला सापडणार नाही.

चिकटवही

मान्य, तो धागा तुम्हीच काढा.

मागवणाऱ्यांसाठी शेवटची एक गोष्ट राहिली: पॅकिंग. विक्रेत्याला लिहून कळवा की टॉपलोडरच्या तोंडावर चिकटपट्टी सरळ लावू नये, ती काढताना स्टिकरसकट स्लीव्ह बाहेर येते. टॉपलोडर आधी बंद पिशवीत, दोन्ही बाजूंना कडक पुठ्ठा, आणि दोन पुठ्ठ्यांच्या आतल्या नळ्यांची दिशा एकमेकींशी काटकोनात, म्हणजे पाकीट वाकत नाही. पावसाळ्यात माल आला तर पाकीट उघडण्याआधी एक रात्र जेलच्या डब्यात तसंच ठेवा. उघडल्याबरोबर पुढची आणि मागची बाजू ६०० डीपीआयवर स्कॅन करून मगच अल्बममध्ये लावा.

पुठ्ठा

पहिल्या मालिकेचे तपकिरी पाठीचे अकरा स्टिकर एकगठ्ठा विक्रीला दिसत आहेत, फोटो फक्त पुढचे. पाठीचे फोटो मागितले आहेत, कोरा कागद शेजारी ठेवून. आले की इथे टाकतो, भिंगवाला आणि एडिसनकर, कृपया नजर टाका.

भिंगवाला

टाका. कोपऱ्यांचे आणि छपाईच्या बारीक ओळीचे जवळून घेतलेले फोटोही मागवून घ्या.